आक्काचा वाटा

माझी आत्या मेलेल्या बहिणीशी भांडते, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्याचं कुणाला काही वाटतही नव्हतं. सकाळी चुलीपुढे बसून ती तिला झापायची. दूध उतू गेलं की, "तुझं ध्यान कुठं हुतं गं आक्का?" म्हैस आटली की, "तुला सांगितलं हुतं न्हवं, हिला पेंड कमी पडतीया म्हनून?" लहानपणी सुट्टीत तिच्या गावी, हिर्डोशीला गेले की मला वाटायचं, आक्का म्हणजे मागच्या परड्यात काम करणारी कुणी बाई असेल. एकदा मी तिला शोधायलाही गेले होते. परड्यात शेणाचा ढीग होता आणि कोंबड्या होत्या.

आक्का म्हणजे माझी थोरली आत्या. माझ्या वडिलांना दोन बहिणी. माहेर वेल्ह्याजवळचं, तोरण्याच्या पायथ्याचं. थोरली हिर्डोशीला दिली. लग्नानंतर थोड्याच वर्षांत ती आजारी पडली, तेव्हा तिचं करायला धाकटीला तिकडे धाडलं. थोरली गेली. वर्ष सरलं आणि त्याच घरात, त्याच माणसाशी धाकटीचं लग्न लावून दिलं. घर बघितलेलं, माणूस बघितलेला, पोरगी कामाची. तिला कुणी विचारलं असेल असं मला वाटत नाही. विचारलं असतं तरी ती काय बोलणार होती?

आमच्याकडे दुसरेपणावर दिलेली बायको पहिलीचा टाक गळ्यात घालते. नखाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर उभ्या बाईची आकृती उठवलेली. नवं पातळ आणलं की आधी टाकाला लावायचं, मग नेसायचं. जेवताना पहिला घास टाकाला दाखवायचा. सणाचं गोड केलं तर तिचा वाटा आधी काढायचा. पहिलीचा मान राहिला नाही तर ती दुसरीला सुखानं जगू देत नाही, असं म्हणतात. आत्याची पहिली म्हणजे तिची सख्खी बहीण, त्यामुळे मान आणि भांडण दोन्ही एकाच तोंडानं चालायचं. तिला मूल झालं नाही. पुढे नवराही गेला. मंगळसूत्र उतरलं, पण काळ्या दोऱ्यातला टाक तिनं उतरू दिला नाही.

मी भोरला राहते. पाटबंधारे खात्यात कारकून आहे. तापट आहे. ऑफिसातले लोक माझ्या मागे मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, आणि आत्या तेच तोंडावर म्हणते: फटाकडी. महिन्यातून एखाद्या रविवारी मी हिर्डोशीची एसटी धरते, ती आली तर. तिकडे गाड्या कमी, आणि करोनानंतर तर आणखी कमी झाल्या. त्या साली भात झोडून झाल्यावर मी गेले, तर आत्या उंबऱ्यात बसलेली आणि म्हैस आत हंबरतेय.

"धार काढली नाहीस?"

तिनं हात पुढे केले. दोन्ही हातांची बोटं आत वळलेली, सांधे सुजून तुकतुकीत झालेले. मी एक बोट सरळ करायला गेले तर तिनं ओठ चावला.

"आक्का धरतीया," ती म्हणाली. "पहाटं येती आन बोटं गच धरून बसती. ऊन वर आलं की सोडती."

"वात आहे तो, आत्या. या वयात होतो."

"तिला बी असंच झालं हुतं. आदी बोटं, मंग गुडगं, मंग खांदं." ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या डाव्या खांद्याच्या मागे बघत होती. "आता मला न्यायाला आलीया."

मी मागे वळून बघितलं. बघायला नको होतं, पण बघितलं. तिथं भिंतीला टेकवलेलं, पावसात डोक्यावरून घ्यायचं इरलं होतं. वळून बघितलं याचाच राग येऊन मी तिच्यावर ओरडले. तसं ऊन चढल्यावर तिची बोटं खरंच सैल झाली आणि ती उठून धार काढायला गेली.

दुसऱ्याच दिवशी मी तिला भोरला आणून रक्त तपासून घेतलं. वाताची तपासणी, तो आरए फॅक्टर म्हणतात तो, पॉझिटिव्ह आला. ईएसआर म्हणजे अंगात कुठे तरी सूज पेटली आहे हे सांगणारा आकडा, तो खूप चढलेला. आणि रक्त फार कमी. भोरच्या डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला. "संधिवात तर आहेच. पण रक्त इतकं का उतरलंय ते पुण्यात दाखवा," म्हणाले.

पुण्यातल्या सांध्यांच्या डॉक्टर बाई होत्या. शांत बोलायच्या, हे मला आवडलं, कारण मला ते जमत नाही. त्यांनी आत्याचे हात आपल्या हातात घेतले. "मावशी, सकाळी बोटं आखडतात ती किती वेळ?"

"शेन भरून, अंगन झाडून, भाकरी तव्यावर पडस्तवर."

"म्हणजे बराच वेळ," डॉक्टर म्हणाल्या आणि लिहून घेतलं. मग त्यांनी रक्तातल्या प्रथिनांची एक वेगळी तपासणी करायला सांगितली. ती आली तेव्हा त्यांनी आम्हा दोघींना समोर बसवलं.

"नीट ऐका. आजाराशी लढायला आपलं रक्त प्रथिनं तयार करतं. संधिवातात शरीराची गफलत होते, ते आपल्याच सांध्यांशी लढायला लागतं, म्हणून ती प्रथिनं वाढतात. पण रक्ताच्या एका कर्करोगातही ती वाढतात. दोन्हींत रक्त कमी होतं, दोन्हींत दुखतं, दोन्हींत ईएसआर चढतो. तुमची वाताची जी तपासणी आली आहे, ती त्या कर्करोगातही कधीमधी अशीच येते."

मी विचारलं, "मग ओळखायचं कसं?"

"गर्दी बघून. वातात रक्तातली गर्दी सरमिसळ असते, स्टँडवर असते तशी. नाना तऱ्हेची माणसं. कर्करोगात एकच पेशी बिथरते आणि आपल्यासारख्याच काढत सुटते. मग त्या गर्दीत सगळी तोंडं एकसारखी. मावशींची गर्दी सरमिसळच वाटतेय. पण मध्ये एक बारीकशी रेघ आहे. तिथं एकाच तोंडाची माणसं जमल्यासारखी वाटतात. वाटतात म्हणतेय, आहेत म्हणत नाही."

आत्या पुढे सरकली. "तोंड कुनाचं?"

डॉक्टर हसल्या. "तुमचंच की. तुमच्याच रक्तातलं."

आत्यानं हात गळ्याशी नेला आणि टाक मुठीत धरला. "माझं आन तिचं तोंड येकच," ती म्हणाली. "गावात लोक चुकायची."

मी मधे पडून काही तरी बोलले, पण माझ्या डोक्यात ते वाक्य जाऊन बसलं होतं. थोरल्या आत्याचा एकही फोटो नाही. तिचं तोंड कसं होतं ते आत्या आणि माझे वडील सोडून कुणाला आठवत नव्हतं. आणि ही सांगत होती की ते आपल्यासारखंच.

डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणाला रक्ताचा आजार होता का. आत्यानं सरळ सांगितलं, "आक्काला लागीर झालं हुतं." डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, चौकशी करून सांगते.

चौकशी म्हणजे वेल्हे. तिथं माझे वडील, आण्णा, माझ्या भावाकडे राहतात. दोन बहिणींच्या मधला भाऊ. आता फार थकलेत, ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला राम राम घालतात. मी नसरापूरमार्गे गेले तेव्हा दुपार झाली होती. बाजारचा दिवस होता, रस्त्यावर माणसं होती. त्या कलकलाटात मी त्यांना विचारलं, थोरल्या आत्याला नक्की काय झालं होतं?

"त्याचं आता काय काढलंस?"

"डॉक्टरांना पायजे, आण्णा."

मग ते बोलायला लागले, माझ्याशी नाही, समोरच्या रस्त्याशी बोलावं तसं.

"सांदं दुखायचं तिचं. आज गुडगा, उद्या खांदा. आसं फिरतं दुखनं म्हंजी बाहेरचं, आसं पावन्यांनी ठरीवलं. देवरुशी आनला. मंग आंगावर निळं डाग उठायला लागलं. त्यो म्हनला, भूत चिमटं घेतंय. हिरड्यातनं रगात यायचं. पांढरीफटक पडली हुती पोर. तुजी आजी म्हनायची, हिच्या आंगात थेंब न्हाई राहिला."

"भोरला का नाही नेलं?"

"रस्ता हुता," आण्णा म्हणाले. "यस्टी बी हुती." मग एवढंच, "न्हेली न्हाई."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण पंच्याऐंशीच्या पुढच्या म्हाताऱ्यावर ओरडून काय करायचं? मी पाण्याचा तांब्या त्यांच्या हातात दिला. ते प्याले नाहीत. "मिरच्याची धुरी द्यायचा त्यो देवरुशी तिला," ते म्हणाले. "दोन मानसांनी धरायचं आन येकानं तोंडापुढं घमेलं धरायचं. घमेलं धाकटीनं धरलं हुतं. दुसरं कुनी धजंना. शेवटच्या येळंला बी तिनंच."

म्हणजे आत्यानं. तेव्हा सोळा-सतरा वर्षांची असेल. हे मला कुणी, कधी सांगितलं नव्हतं, तिनंही नाही.

वेल्ह्याच्या स्टँडवर रेंज मिळाली तिथून मी डॉक्टरांना फोन लावला आणि जसं ऐकलं तसं सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "तो वात नव्हता. मी पेशंट बघितलेला नाही, पण तरुण वयात येणारा रक्ताचा कर्करोगच असावा. त्याच्या या प्रकारात कधी कधी सांध्यांच्या दुखण्यानं सुरुवात होते, आणि सगळे वात समजून बसतात."

"म्हणजे आत्यालाही..."

"तसा अर्थ काढू नका. तो आजार वेगळा, हा वेगळा, आणि बहिणीला होता म्हणून हिला होईलच असं नाही. आपण वाताचं औषध सुरू करू. उतरलं तर छान. नाही उतरलं तर कमरेच्या हाडातली मज्जा काढून तपासावी लागेल. ते खोटं बोलत नाही."

एसटीत बसले तर मला सगळीकडे तोंडं दिसायला लागली. समोरच्या बाकड्यावर तीन बायका होत्या, तिघींच्या नाकाची ठेवण आत्यासारखी. किंवा मला वाटत होती. भोरला उतरून घरी आले, तोंड धुतलं आणि आरशात बघितलं. लहानपणापासून सगळे सांगत आलेत की मी आत्याच्या वळणावर गेले आहे. आत्या थोरलीसारखी. मग मी कोण? मी आरशावर टॉवेल टाकला आणि तो कित्येक दिवस तसाच राहू दिला. नवऱ्यानं विचारलं तर त्याच्यावर खेकसले.

वाताचं औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं होतं. पिवळ्या बारक्या गोळ्या, रविवारी जेवल्यावर सगळ्या एकदम. दर रविवारी मी फोन करायचे.

"घेतल्या का?"

"घेतल्या की."

"सगळ्या?"

"येक बी ठेवली न्हाई गं बाय. का छळतीस?"

तीन महिने असे गेले. बोटं काही सुटेनात. आता तर दुपार झाली तरी वळलेली राहायची. पुन्हा रक्त तपासलं. ईएसआर तसाच, रक्त आणखी खाली, आणि ती बारीक रेघ जिथल्या तिथं. डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. "इतक्यात उतरायला हवं होतं," त्या म्हणाल्या आणि मज्जा काढायचा दिवस ठरवला.

मला रडू फुटलं. आत्या मात्र शांत होती. शांत कसली, खुशीत होती. परतीच्या वाटेवर ती गाडीच्या काचेतून धरणाच्या पाण्याकडे बघत बसली होती आणि तिचे ओठ हलत होते. "म्या म्हनलं न्हवतं?" ती मला म्हणाली. "लई दिस झालं. तिची बी वाट बगून झाली आसंल."

घरी गेल्यावर तिनं आवराआवर सुरू केली. म्हैस शेजारच्यांच्या दावणीला नेऊन बांधली. नाचणी दळून डबे भरले, म्हणाली, माझ्या दिवसाला येणारी माणसं खातील. मी म्हटलं, आत्या, तू मेलीस तर मी तुझ्या दिवसाला येणार नाही. ती खदखदून हसली. "येशील गं. फटाकडी म्हनून काय झालं, आतनं गूळ हाय तुज्यात." ती मला इतकी हलकी कधी दिसली नव्हती, आणि त्याचीच मला भीती वाटत होती. तिला बरं व्हायचंच नव्हतं. तिच्या लेखी तो कर्करोग म्हणजे दारात आलेली बहीण होती, आणि बहिणीला दारातून हाकलतात का?

पुण्याला न्यायच्या आदल्या दिवशी मी हिर्डोशीला मुक्कामाला गेले. सकाळी ती अंघोळीला बसली होती. मला चहा टाकायचा होता, काडेपेटी सापडेना. चुलीवरच्या देवळीत हात घातला तर पितळेची वाटी हाताला लागली. खाली काढली. वाटीत पिवळ्या गोळ्या होत्या. पुष्कळ. वरून हळदकुंकू वाहिलेलं, तळातल्या भिजून एकमेकींना चिकटलेल्या.

मला आधी काही कळेना. मग कळलं, आणि मी वाटी घेऊन तशीच न्हाणीच्या दारात गेले.

"आत्ये! ह्या काय?"

तिनं पाणी घेता घेता वर बघितलं. "तिचा वाटा."

"कसला वाटा?"

"आगं, म्या येकलीनं कशा खाऊ? निम्म्या तिच्या, निम्म्या माज्या."

मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. शेजारची बाई कुडाबाहेर येऊन उभी राहिली एवढं आठवतं. मी तिला अडाणी म्हटलं, येडी म्हटलं. मेलेल्या माणसाला औषध चारतेस आणि जित्या माणसांच्या जिवाला घोर लावतेस, म्हटलं. नैवेद्य आहे का तो? गोळी आहे! तिचा वाटा काढला नाही म्हणून ती काय तुझा गळा दाबणार होती?

आत्या ओलेती उभी राहून ऐकत होती. मी थांबल्यावर म्हणाली, "मी भिऊन न्हाई काढला वाटा."

"मग?"

"तिला त्या येळंला येक बी गोळी मिळाली न्हाई गं." तिचा आवाज फुटला. "म्या धुरी दिली तिला. ती म्हनायची, नगं गं बाय, डोळं जळत्यात. माजं नाव घिऊन म्हनायची. म्या घमेलं धरूनच हुते. आता मला येवडं औशीद मिळतंय, पुन्याचं, तर तिला नगं व्हय?"

मी वाटी खाली ठेवली आणि तिच्या अंगावर टॉवेल टाकला. ती हुंदके देत होती आणि मीही. चहा त्या दिवशी झालाच नाही.

पुण्याला डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "निम्मं औषध," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "आणि मी इथं विचार करतेय उतरत का नाही."

"मग आता हाडाची तपासणी नको ना?" मी अधीर झाले होते.

"हवीच. उतरलं नाही त्याचं कारण कळलं. पण रेघ दोनदा आलीय आणि रक्त घसरतंय. मला अंदाजावर राहायचं नाही."

कमरेच्या हाडात सुई घालताना मी आत्याचा हात धरला होता. जागा बधिर करतात, तरी आतून ओढतात तेव्हा कळ येतेच, असं आधीच सांगितलं होतं. आत्या ओरडली नाही. भिंतीकडे तोंड करून पुटपुटत राहिली. मी कान लावला. "आता झालं आक्का, आता झालं. लई न्हाई दुखत." तिथल्या नर्सनं मला विचारलं, आक्का तुम्हीच का? मी नाही म्हटलं.

त्यानंतर डॉक्टरांनी सूज उतरवायची आणखी एक गोळी दिली. म्हणाल्या, ही आधी देता येत नव्हती, हिनं तपासणीतलं खरं चित्र झाकलं गेलं असतं. आता मज्जा काढून झाली, आता बेलाशक घ्या. रिपोर्ट यायला काही दिवस होते. मी आत्याला हिर्डोशीला जाऊच दिलं नाही, भोरला माझ्याकडे ठेवली. गोळ्या माझ्यासमोर गिळायच्या, वर जीभ दाखवायची.

"तिच्यासाठी गूळ काढून ठेव वाटीत," मी म्हटलं. "तेवढी मुभा आहे."

"गुळानं काय हुतंय?" आत्या कुरकुरली. पण माझ्यापुढे तिचं चाललं नाही.

चार-पाच दिवसांत तिची बोटं सुटली. मी उठले तर ती ओट्यापाशी उभी, हातात कपबशी धरून. मला केवढा आनंद झाला! मी तिचे हात उलटेसुलटे करून बघितले. सूज ओसरली होती, सांध्यांवर सुरकुत्या दिसायला लागल्या होत्या. "बघ," मी म्हटलं, "बघ, सुटली की नाही?"

"आज आली न्हाई ती," आत्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी पहाटे पाणी भरायला उठले तर आत्या अंथरुणात बसलेली. दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून, बोटं मोकळी सोडून. कुणी हात हातात घ्यावा म्हणून बसतात तशी. दाराकडे बघत होती. मी दिवा लावला तरी तिनं मान वळवली नाही.

"झोप ना, आत्या."

"तिला भोरचं घर म्हाईत न्हाई," ती म्हणाली. "हिर्डोशीला जाऊन बगत आसंल."

मी तिच्याजवळ जाऊन बसले. मला सांगायचं होतं की तो वात होता, सकाळी आखडतो तसा वात, आणि औषधानं गेला. सांगितलंही. ती मान डोलावत होती. मला तिच्या जिवाची काळजी होती. रिपोर्टात काय येईल या धास्तीनं माझं खाणंपिणं सुटलं होतं, देवाला नवस बोलून झाले होते. तिच्या मनात काय चाललंय ते बघायला मला सवड नव्हती.

रिपोर्टाच्या दिवशी आम्ही दोघी पुण्याला गेलो. डॉक्टरांनी दार उघडलं तेव्हाच त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं.

"मावशी, काही नाही," त्या म्हणाल्या. "मज्जा चांगली आहे. कर्करोग नाही. ती रेघ वातानंच उठवलेली होती, उगाच भ्रम. गर्दी सगळी सरमिसळ आहे. तुम्हाला वात आहे, नुसता वात. औषध सगळं घेतलंत तर चांगली वर्षं काढाल."

मी टेबलावर डोकं ठेवून रडले. डॉक्टरांनी पाण्याचा पेला पुढे केला तो मी आत्याला दिला, आत्यानं तो परत माझ्याकडे सरकवला. बाहेर पडल्यावर मी पेढे घेतले, भाड्याच्या गाडीच्या ड्रायव्हरला एक दिला, तिच्या तोंडात एक घातला. तिनं तो चावला नाही, गालात तसाच धरून ठेवला.

कात्रजच्या पुढे आल्यावर तिनं विचारलं, "त्या बाईनं आतलं समदं बगितलं?"

"सगळं. हाडाच्या आतलं."

"सरमिसळ हाय म्हनली."

"हो. म्हणजे चांगलं. म्हणजे एका तोंडाचं कुणी नाही त्यात."

"कुनी न्हाई?"

"कुणी नाही, आत्या. सुटलीस." मी हसत होते. मला दुसरं काही सुचतच नव्हतं. "तुला कुणी न्यायला आलं नव्हतं. कुणी धरलं नव्हतं. नुसता वात होता."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिचं तोंड वाकडं झालं, लहान पोराचं होतं तसं, आणि पेढा तोंडातून पडला. तिनं असा टाहो फोडला की ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली. मी घाबरून तिला धरलं. कुठे दुखतंय, विचारलं. पाणी दिलं. ती माझे हात झिडकारत होती.

"म्हंजी ती आलीच न्हाई?" ती म्हणाली. "म्या इतकी वर्सं बोलत हुते, ते कुनाशी गं? त्या घरात म्या येकलीच हुते?"

मी तिला जवळ ओढायला गेले. ती सुटली आणि माझ्या पर्समध्ये हात घालून मोबाईल शोधायला लागली. बोटं चांगली सरळ चालत होती. मोबाईल काढून तिनं माझ्या हातात कोंबला.

"लाव फोन त्या बाईला. आनी येकदा बग म्हनावं. घाई केली आसंल. नीट बग म्हनावं, आक्का आसंल त्यात कुठंतरी."